चेन परत परत सैल होतेय? पाना उचलायच्या आधी नेलपेंट लावा

बाइकवर टूरला निघालं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागून खट्-खट् सुरू होतं, थ्रॉटल सोडून परत दिला की हिसका बसतो, उतरून बघावं तर चेन झोळीसारखी लोंबतेय. मग टूलकिटमधला पाना काढायचा, ॲक्सलचा (मागच्या चाकाच्या आसाचा) नट सैल करायचा, दोन्हीकडचे ॲडजस्टर (चाक मागे ढकलून चेन ताणणारे बोल्ट) अंदाजाने फिरवायचे, नट आवळायचा आणि निघायचं. दोन दिवसांनी परत तेच. माझं हे एका अख्ख्या टूरभर चाललं, मागे भाऊ बसलेला, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि मी रोज सकाळी चेनपाशी गुडघे टेकून बसलेलो. परत आल्यावर गॅरेजवाला म्हणाला सेट (चेन आणि पुढचं-मागचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं) संपलाय, बदला. बदलला. नवीन सेटसुद्धा तिसऱ्या दिवशी सैल! तेव्हा मात्र डोकं ताळ्यावर आलं आणि चेन ताणायच्या आधी ती सैल का होतेय हे बघायला लागलो.

तर "चेन सैल झाली" असं आपण ज्याला म्हणतो ते खरं म्हणजे चार वेगवेगळे आजार असतात आणि चारींवर आपण एकच औषध देतो, ताणणे. एक, चेन खरंच झिजून लांब झालीय. दोन, चेन आहे तेवढीच आहे पण मागचं चाक पुढे सरकलंय. तीन, चेन सगळीकडे सारखी नाहीये, कुठे घट्ट कुठे ढिली, आणि आपण चुकीच्या जागी मोजतोय. चार, चेन ठीक आहे, हिसका दुसरीकडूनच येतोय. माझ्या केसमध्ये दुसरा आणि तिसरा एकत्र होते, म्हणून तर एवढे दिवस कळलं नाही.

आधी एक हिशोब सांगतो, कारण हा कळल्यावर माझा सगळा दृष्टिकोनच बदलला. समजा खालच्या बाजूच्या चेनचा दोन स्प्रॉकेटमधला भाग साधारण ६०० मिमी आहे. मधोमध बोटाने वर-खाली हलवून ३० मिमी प्ले, म्हणजे हलायला मोकळीक, मिळतो. आता तोच प्ले ५० मिमी व्हायला चाक किती पुढे यावं लागेल? मला वाटायचं अर्धा सेंटिमीटर तरी. प्रत्यक्षात एक मिलिमीटरसुद्धा लागत नाही, साधारण ०.७ मिमी पुरतं. म्हणजे डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाही एवढं चाक सरकलं की चेन लोंबायला लागते. उलटं पण तेवढंच खरं, ॲडजस्टर जरा जास्त फिरवला की चेन तारेसारखी ताठ. ॲडजस्टरचा बोल्ट एम-८ साइझचा असेल तर त्याची एक पूर्ण फेरी म्हणजे १.२५ मिमी, पाव फेरी म्हणजे ०.३ मिमी, त्यामुळे "एक-एक फेरी मारतो दोन्हीकडे" हा जो आपला उत्साह असतो ना तो जरा आवरायचा, पाव फेरीच्या वर जायचंच नाही.

हाच हिशोब दुसऱ्या बाजूने केला तर ११० कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात फक्त एक शतांश मिलिमीटर झीज झाली तरी एवढाच फरक पडतो. म्हणून नवीन चेन पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी सैल होते ते नॉर्मल आहे, पिना आणि बुश (पिनेभोवतीची नळी) एकमेकांत बसतात, एकदा ॲडजस्ट केलं की बराच काळ बघावं लागत नाही. एकदा. दर दोन दिवसांनी लागत असेल तर ते "बसणं" नाही, काहीतरी बिघडलंय.

आता नेलपेंटचं. माझ्या सगळ्या तपासात हीच गोष्ट सगळ्यात कामाची निघाली. चेन नीट ॲडजस्ट केली, नट टाइट केला, की ॲक्सलच्या दोन्ही टोकांना ॲडजस्टरच्या पट्टीवरून स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) एक बारीक सरळ रेघ ओढायची, अर्धी पट्टीवर अर्धी स्विंगआर्मवर. ॲक्सलच्या नटवरूनही एक रेघ, नट फिरला तर कळावं म्हणून. मार्कर पुसला जातो, नेलपेंट टिकतो, म्हणून नेलपेंट. आता पुढच्या वेळी चेन सैल झाली की पान्याला हात लावायच्या आधी रेघ बघायची. रेघ जिथल्या तिथे आहे आणि चेन सैल, म्हणजे चेन लांब झाली. रेघ तुटलीय, दोन तुकडे पुढे-मागे झालेत, म्हणजे चाक सरकलं, चेनचा काही दोष नाही.

मी रेघा मारून निघालो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघितलं तर उजवीकडची रेघ एकदम सरळ, डावीकडची मात्र केसभर तुटलेली, डावं टोक पुढे आलेलं. डावंच का, तर बहुतेक गाड्यांना चेन डावीकडे असते आणि थ्रॉटल दिला की चेनचा सगळा ओढा ॲक्सलच्या डाव्या टोकावर येतो. मग डाव्या ॲडजस्टरपाशी बॅटरी मारून बघितलं तर बोल्टचं टोक आणि ॲक्सलचा ब्लॉक यांच्यामध्ये फट! व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा आरामात आत गेला. म्हणजे चाकाला पुढे येण्यापासून अडवायला तिथे काहीच नव्हतं, फक्त नटच्या दाबावर चाललं होतं, आणि नट मी आवळलेला टूलकिटमधल्या वीतभर पान्याने.

ही फट राहते कशी ते सांगतो कारण बहुतेक जण इथेच फसतात. चेन ताणताना कधी कधी जास्त ताणली जाते, मग आपण ॲडजस्टर उलटा फिरवून थोडी सैल करतो. बोल्टचं टोक ब्लॉकपासून दूर होतं पण चाक आपोआप पुढे येत नाही, ते आहे तिथेच बसतं. आपल्याला वाटतं झालं, नट आवळतो. मग रस्त्यावर दोन-तीन जोराचे ॲक्सिलरेशन, एखाद-दोन खड्डे, की चाक त्या फटीएवढं पुढे येतं आणि चेन लोंबते. उपाय अगदी साधा आहे. एक तर ॲडजस्टर नेहमी ताणायच्या दिशेनेच शेवट करायचा, जास्त झालं तर पूर्ण सैल सोडून, चाक मागून पायाने पुढे ढकलून, परत सुरुवातीपासून. आणि दुसरं, नट आवळताना मागच्या स्प्रॉकेटच्या वरच्या बाजूला, चेन जिथे दात्यांवर चढते तिथे एक फडक्याची घट्ट घडी किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ चेन आणि स्प्रॉकेटमध्ये ठेवायची आणि चाक हाताने मागच्या दिशेने फिरवायचं. चेन ताणली जाते, चाक पुढे खेचलं जातं आणि ॲक्सल दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट टेकतो. तसंच धरून नट आवळायचा. मग घडी काढून परत प्ले मोजायचा, कारण नट आवळल्यावर प्ले बदलतो, माझ्या गाडीला जवळपास ५ मिमी कमी होतो. बोटं सांभाळून, चाक हातानेच, इंजिन बंद. यावर पुढे परत बोलतो.

नटचा टॉर्क (किती जोराने आवळायचा तो आकडा) गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो तेवढाच द्यायचा, गाडीगणिक बराच फरक असतो त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा वापरू नका. टॉर्क रेंच घरी असला तरी टूरवर कोण नेणार, तर मी घरी टॉर्क रेंचने आवळून त्या नटवर नेलपेंटची रेघ मारून ठेवतो, बाहेर सोडावा लागलाच तर लांब दांड्याच्या पान्याने आवळल्यावर साधारण त्याच रेघेपाशी नट यायला हवा. अगदी अचूक नाही, पण "लागला वाटतं" पेक्षा खूप बरं. स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घालतात ती दुपाखी पिन) असेल तर ती परत घालायची आणि जुनी वाकवून वाकवून तुटेपर्यंत वापरायची नाही. नायलॉनवाला सेल्फ-लॉक नट असेल आणि तो हाताने फिरायला लागला असेल तर बदला, त्याचं काम संपलं. आणि ॲडजस्टरचे लॉकनट, ते छोटे असतात म्हणून विसरले जातात, शेवटी दोन्ही बघा.

आता तिसरा आजार, माझ्या मते सगळ्यात जास्त चेन यानेच मरतात. चेन कधीच सगळीकडे सारखी झिजत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल, इंजिन बंद, आणि चाक हाताने हळूहळू फिरवत खालच्या चेनचा प्ले दर वीतभर अंतरावर बघत जा. कुठे ४० मिमी मिळेल, कुठे २५. मोजायचं असतं सगळ्यात घट्ट जागी. मी काय करायचो, सकाळी घाईत चाक जिथे थांबलंय तिथेच बोट लावायचो, ती जागा नेमकी ढिली निघाली की चेन ताणायचो. ढिल्या जागी ३० मिमी बरोबर आला म्हणजे घट्ट जागी १५ पण राहिला नाही. घट्ट जागा प्रत्येक फेरीला कर्रकन ताणली जाणार, तिथल्या पिना जास्त झिजणार, बेअरिंगवर ताण येणार, चेन आणखी वेडीवाकडी लांब होणार, ढिली जागा आणखी ढिली दिसणार, मी आणखी ताणणार. स्वतःच चेन मारत होतो आणि चेनला शिव्या घालत होतो. त्या टूरच्या चौथ्या दिवशी गाडीतून घूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला होता, स्पीड वाढला की वाढणारा, मला वाटलं टायरचा आहे. तो जास्त ताणलेल्या चेनचा होता. खट्-खट् म्हणजे सैल, घूं म्हणजे ताठ, हे लक्षात ठेवा, आणि दोन्हीपैकी ताठ जास्त वाईट. सैल चेन आवाज करते, स्विंगआर्मवरचं रबर खाते, अगदीच दुर्लक्ष केलं तर स्प्रॉकेटवरून उतरते आणि ते धोक्याचंच आहे, पण थोडी सैल चेन चालते. थोडी ताठ चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग आणि सील खराब करते.

घट्ट जागा सापडली की ती कोणाची आहे हे पण शोधता येतं, त्यासाठी परत नेलपेंट. चेनच्या एका कडीवर ठिपका आणि मागच्या स्प्रॉकेटच्या एका दात्यावर ठिपका. चाक फिरवत राहायचं आणि घट्ट जागा येते तेव्हा कुठला ठिपका कुठे आहे ते बघायचं. दर फेरीला स्प्रॉकेटचा ठिपका एकाच जागी असताना घट्ट होत असेल तर मागचं स्प्रॉकेट किंवा ते ज्यावर बसतं तो हब एका बाजूला आहे, सेंटरमध्ये नाही. ११० कड्या आणि ४५ दाते असतील तर चेन एकदा पूर्ण फिरायला चाकाच्या जवळपास अडीच फेऱ्या लागतात, त्यामुळे घट्टपणा दर अडीच फेऱ्यांनी, चेनच्या ठिपक्यासोबत येत असेल तर चेनचाच एक तुकडा खराब आहे. आणि पुढचं स्प्रॉकेट १५ दात्यांचं असेल तर ते चाकाच्या एका फेरीत तीनदा फिरतं, म्हणून एका फेरीत तीन वेळा घट्ट-ढिलं-घट्ट-ढिलं होत असेल तर पुढे बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे, एखादा मित्र चाक फिरवायला असेल तर पाच मिनिटांचं.

चेनचा तुकडा खराब म्हणजे बहुतेक वेळा काही कड्या अडकलेल्या असतात. खालच्या बाजूला चेन स्प्रॉकेटवरून सुटून सरळ व्हायला हवी तिथे एखादी कडी वाकडीच राहते, कोपरा करून. ओ-रिंगच्या (सांध्यांना रबरी रिंगा असलेल्या) चेनमध्ये पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच आत भरून बंद केलेलं असतं, आपण वरून जे लावतो ते आत जातच नाही, ते रोलरसाठी, ओ-रिंग मऊ राहण्यासाठी आणि गंजासाठी असतं. ओ-रिंग सुकून तडकली की आतलं ग्रीस जातं, पाणी आणि धूळ आत जाते आणि कडी अडकते. कडी नुसती वरून सुकल्यामुळे जड झाली असेल तर साफ करून, तेल लावून, हाताने मागे-पुढे वाकवून मोकळी होते. दोन दिवसांनी परत अडकली तर तिच्यावर आणखी वेळ घालवू नका, सेट बदला.

चेन खरंच लांब झालीय का ते मोजायचं तर चेन ताणलेली ठेवून २० कड्यांचं अंतर मोजायचं, पिनच्या सेंटरपासून पिनच्या सेंटरपर्यंत. इथे मोजणीत चूक होते, २० कड्या म्हणजे २१ पिना, पहिली पिन शून्य धरायची. ५२०, ५२५, ५३० यातला पहिला ५ म्हणजे ५/८ इंच पिच, १५.८७५ मिमी, म्हणून या तिन्ही चेनमध्ये नवीन असताना २० कड्या ३१७.५ मिमी भरतात. ४२८ चेनला पिच १२.७ मिमी, म्हणजे २५४ मिमी. एक टक्का वाढली म्हणजे ५२०ला ३ मिमीच्या जरा वर. मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तीच धरा, आणि तीन-चार ठिकाणी मोजा, एका जागी नाही. पट्टी हाताशी नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून सरळ मागे ओढून बघा. नवी चेन दात्याला चिकटून राहते, हलत नाही. अर्धा दाता उघडा पडला तर चेन गेली. दाते एका बाजूला झुकून हुकासारखे झाले असतील तर स्प्रॉकेट पण गेलं. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर घालून पैसे वाचवायचा मोह मलाही झालाय, पण नवी चेन जुन्या दात्यांवर नीट बसत नाही आणि लवकर झिजते, तेव्हा तिन्ही एकत्रच.

प्ले किती ठेवायचा? स्विंगआर्मवर स्टिकर असतो, नाहीतर मॅन्युअल. साध्या रोडस्टरला २५-३५ मिमीच्या आसपास सांगतात, लांब सस्पेन्शनच्या ॲडव्हेंचर गाड्यांना त्यापेक्षा जास्त. आणि साइड स्टँडवर मोजायचं की डबल स्टँडवर तेही वाचा, कारण डबल स्टँडवर मागचं चाक खाली लोंबतं आणि प्ले वेगळाच येतो. यामागचं कारण टूरवाल्यांनी समजून घेतलंच पाहिजे. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो फ्रेमला जोडलेला असतो ती जागा) आणि मागचा ॲक्सल हे तीन बिंदू सरळ रेषेत आले की पुढचं स्प्रॉकेट आणि ॲक्सल यातलं अंतर सगळ्यात जास्त असतं, म्हणजे चेन तेव्हा सगळ्यात घट्ट असते. रिकामी गाडी उभी असताना ॲक्सल त्या रेषेच्या खाली असतो. आता मागे माणूस बसवा, दोन बॅगा लावा, वर एक तंबू बांधा, मागचं सस्पेन्शन दबतं, ॲक्सल वर सरकतो, रेषेजवळ येतो आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीवर "छान टाइट" केलेली चेन भरलेल्या गाडीवर खड्ड्यात तारेसारखी ताठ होते. टूरला निघायच्या आधी एकदा सगळं सामान लावून, दोघांना गाडीवर बसवून, सस्पेन्शन दाबून ते तीन बिंदू सरळ आणून बघा, त्या अवस्थेतही चेनला बोटाने थोडं तरी हलता आलं पाहिजे. हलत नसेल तर स्टिकरच्या रेंजमधला वरचा आकडा धरा.

अलाइनमेंट. स्विंगआर्मवरच्या खुणांवर आंधळा विश्वास नको, त्या बऱ्याच गाड्यांवर तंतोतंत नसतात. मी स्विंगआर्मच्या पिव्हट बोल्टच्या सेंटरपासून ॲक्सलच्या सेंटरपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजतो, आणि मागून एक डोळा मिटून चेनच्या वरच्या भागावरून नजर टाकतो, ती मागच्या स्प्रॉकेटपासून सरळ जायला हवी. मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांची एकच बाजू आरशासारखी चकाकतेय, दुसरी काळी, तर चाक तिरकं आहे हे नक्की. माझं होतं, डावं टोक रोज केसभर पुढे येत होतं ना.

चौथा प्रकार, चेन ठीक असून हिसका. मागच्या हबमध्ये स्प्रॉकेट आणि चाकाच्या मध्ये रबर असतात, कोणी हब रबर म्हणतं कोणी ड्रम रबर, इंजिनचा झटका ते पितात. ते कडक होऊन झिजले की थ्रॉटल सोडला-दिला की टक् असा आवाज आणि हिसका, अगदी सैल चेनसारखाच. तपासायला मागचं चाक हवेत घ्यायचं, चाक एका हाताने धरायचं आणि स्प्रॉकेट दुसऱ्या हाताने पुढे-मागे हलवायचं. थोडं दबल्यासारखं, रबरी हललं तर ठीक. मोकळं टकटक वाजत हललं तर रबर गेले. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फटीत कोंबल्या की घरी पोचण्यापुरतं चालतं, मी केलंय, पण घरी पोचल्यावर नवीन घाला. आणि चाक काढलंच आहे तर बेअरिंग बोट घालून फिरवून बघा, खरखर लागली तर तेही.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर सहसा कोणी उघडत नाही, आत चेनचं जुनं तेल, माती, खडी यांचा चिखल साठून दगड झालेला असतो. उघडा, खरवडून काढा, नट किंवा लॉकप्लेट हलत नाही ना बघा. झालं.

तेल आणि सफाईबद्दल लोक फार भांडतात, मी थोडक्यात माझं सांगतो. सफाई रॉकेलने आणि मऊ ब्रशने. पेट्रोल, थिनर नाही, ओ-रिंग फुगतात आणि तडकतात. तारेचा ब्रश नाही. प्रेशर वॉशरचा फवारा चेनवर जवळून नाही, पाणी ओ-रिंगच्या आत घुसतं. मग फडक्याने पुसून कोरडी करून चेन स्प्रे किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, टूरवर मी गिअर ऑइलची छोटी बाटली नेतो, स्प्रेचा डबा बॅगेत जागा खातो. दर ५०० किलोमीटरला, आणि पाऊस लागला की त्याच दिवशी संध्याकाळी. लावायचं खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटला लागते, फिरताना तेल आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं. आणि लावायचं राइड संपल्यावर, चेन कोमट असताना, रात्रभर मुरतं, सकाळी जास्तीचं पुसून टाकायचं. सकाळी निघताना तेल लावून लगेच निघालात तर अर्धं रिमवर आणि टायरवर, टायरवर गेलं तर वळणावर काय होईल ते सांगायला नको. चेन चमकली पाहिजे, ठिबकली नाही पाहिजे.

आणि ती इंजिन बंदची गोष्ट. गाडी डबल स्टँडवर, पहिला गिअर, इंजिन चालू, आणि फिरत्या चेनला फडकं लावायचं, हे मी लोकांना करताना बघितलंय आणि एकदा स्वतः केलंय. फडक्याचा कोपरा चेनमध्ये गेला आणि फडकं माझ्या हातातून असं काही ओढलं गेलं की नंतर स्प्रॉकेटवरून सोडवायला सुरी लागली. बोट असतं तर सुरीने सुटलं नसतं. चाक हाताने फिरवा, तीन मिनिटं जास्त लागतील.

अजून एक, चेन जोडायला क्लिपवाली लिंक असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला असली पाहिजे, उघडी बाजू मागे. आणि चाक मागे-पुढे केलं की मागच्या ड्रम ब्रेकचा पेडल प्ले बदलतो, तो बघा, ब्रेक लाइट पण. डिस्क असेल तर निघायच्या आधी दोन-तीनदा पेडल पंप करा. मी एकदा न बघता निघालो आणि पहिल्याच सिग्नलला पेडल खालीच.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं तर फट घालवून, घट्ट जागी प्ले मोजून, लांब पान्याने नट आवळून निघालो, पुढच्या टूरला साधारण १८०० किलोमीटर झाले, रोज संध्याकाळी रेघा बघत होतो, दोन्ही सरळ, चेनला एकदाही हात लावावा लागला नाही, फक्त तेल. पण आधीच्या टूरला जी ताठ चेन घेऊन घूं घूं करत फिरलो त्याची आठवण राहिलीय, पुढच्या स्प्रॉकेटच्या मागच्या ऑइल सीलपाशी ओल दिसते, कव्हर उघडलं की बोटाला काळं तेल लागतं. थेंब पडत नाही अजून. इंजिन ऑइलची लेव्हल दर दोन दिवसांनी बघतोय, आणि सील आणून ठेवलंय, पुढच्या वेळी स्प्रॉकेट निघेल तेव्हा घालणार.